कारण नमूद करावे

माझ्या टेबलाशी येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "नाय म्हनलं बाय त्यांनी." कोण नाही म्हणालं, कुठल्या कार्यालयात म्हणालं, ते मागाहून हळूहळू निघतं. माझा पहिला प्रश्नही ठरलेला. "का नाही म्हणाले?" इथे माणूस अडतो. टोपी काढून डोकं खाजवतो, नाहीतर सोबत आणलेल्या शाळकरी नातवाकडे बघतो. का, ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपण ते विचारायचं असतं, हेही त्याच्या मनात आलेलं नसतं.

शहापूरला तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली मी टायपिंग करते. लग्न होऊन इथे आले त्याला वीस वर्षं उलटून गेली. माहेर मुरबाड तालुक्यातलं, सरळगावच्या पुढचं. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केलं, नागरिकशास्त्र शिकवायचं मनात होतं. बी. एड.ची फी जमली नाही, टायपिंगच्या क्लासची जमली. मुरबाडला एका वकिलांकडे दोन वर्षं दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं बडवली आणि मग ही शेड. पहिलं मशीन गोदरेजचं, सेकंडहँड. तीन कागद, मध्ये दोन कार्बन: एक प्रत कार्यालयाला, एक पोच घ्यायला, एक माणसाच्या घरी. आता कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. पण अर्ज देऊन परत येणाऱ्याला मी आजही तेच विचारते. पोच घेतली का? शिक्का, तारीख आणि आवक नंबर असलेली पोच हातात नसेल, तर तुमचा अर्ज वाऱ्यावर गेला असं समजा.

२००९ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरचे ठाकर आजोबा आले. हातात बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा. डब्यात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, पिशवीत घड्यांवर फाटून चार तुकडे होत आलेला एक कागद. मी तो टेबलावर काचेखाली जुळवून ठेवला. वनखात्याची पावती होती, १९७६ सालची. आजोबांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव, अनधिकृत लागवडीबद्दल दंड, रक्कम पाच रुपये. अक्षर जांभळ्या पेन्सिलीचं, शिक्का अर्धा कागदाच्या बाहेर पडलेला. पाच रुपये भरायला बापानं दोन कोंबड्या विकल्या, एवढं आजोबांना आठवत होतं. पावती त्यांनी जपली ती भीतीनं. पुन्हा कोणी गार्ड आला तर दाखवायला, की आमचा दंड भरून झालाय.

"ह्यो कागद चालंल का बाय?"

चालेल म्हणजे काय, ह्याच कागदासाठी तर तुम्ही यायला हवं होतं, असं मी त्यांना म्हणाले. गुन्हा केल्याची पावती हाच जमीन कसत असल्याचा पुरावा. वनखात्यानंच सही करून दिलेला, की ह्या माणसाचा नांगर ह्या तारखेला ह्या जंगलात होता. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या घरोघरी असे कागद निघाले. काहींच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या, काहींच्या घरासोबत जळाल्या, आणि पुष्कळांचा दंड तर पावती न देताच घेतलेला.

माझ्या टेबलाच्या काचेखालची ती पावती तिच्या आयुष्यात काय काय बघून आली होती, ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची लागवड नियमित करायचं राज्य सरकारनं ठरवलं. ते पुरं व्हायच्या आत १९८० साली संसदेनं वनसंवर्धन कायदा केला, आणि केंद्राच्या परवानगीवाचून वनजमीन कोणाला देता येईना. मग आपल्याच जिल्ह्यातून प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९१ साली न्यायालयानं अशा दाव्यांची चौकशी कशी करायची त्याची पद्धत घालून दिली. न्यायालय आपलं, असं तेव्हा लोकांना वाटलं. १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात त्याच न्यायालयानं जंगल कशाला म्हणायचं त्याची व्याख्या रुंद केली, आणि २००२ च्या मे महिन्यात केंद्राच्या वनमंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र काढलं की सप्टेंबरअखेर अतिक्रमणं हटवा. त्यावर देशभर ओरड झाली. शेवटी डिसेंबर २००६ मध्ये संसदेनं वनहक्क कायदा मंजूर केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय. १३ डिसेंबर २००५ रोजी जमीन ताब्यात असली की आदिवासीला दावा करता येतो, चार हेक्टरपर्यंत. म्हातारपणी अशी कबुली कोणी दिली तर आपण ती लगेच मान्य करतो. सरकारनं दिली तर तिच्यासोबत तीन प्रतींतला अर्ज जोडावा लागतो.

संसद मोठी की न्यायालय मोठं, असा वाद वर्तमानपत्रात आला की मला ती पावती आठवते. ह्या दोघांच्या आणि सरकारच्या टोलवाटोलवीत ती तीस वर्षं डब्यात पडून होती. कधी ह्यानं तारलं, कधी त्यानं. कायम कोणीच कोणाचं नव्हतं.

आजोबांचा दावा मीच लिहिला. ग्रामसभा झाली, वनहक्क समितीनं जागा पाहिली, ठराव झाला, फाईल वर गेली. मग काही नाही. २०११ च्या उन्हाळ्यात पत्र आलं. एक ओळ: आपण दाखल केलेला वनहक्क दावा पुराव्याअभावी अमान्य करण्यात आला आहे. नावाच्या जागी टिंबं, टिंबांवर बॉलपेननं आजोबांचं नाव. त्या आठवड्यात तशी चाळीसएक पत्रं माझ्याकडे आली, आसपासच्या तीन पाड्यांवरची. टायपिंगवाल्याची नजर वेगळी असते. सगळ्या पत्रांत 'अमान्य'मधला 'न्य' ओळीच्या जरा वर उचललेला होता. म्हणजे मूळ प्रत एकच, बाकी झेरॉक्स. ज्याच्याकडे १९७६ ची पावती होती त्यालाही पुराव्याअभावी, आणि ज्याच्याकडे नुसता म्हाताऱ्याचा जबाब होता त्यालाही पुराव्याअभावी. (कायद्याच्या नियमांत म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावाच आहे. जुनी विहीर, थडगी, देवाचं ठाणं, हेही.) कोणत्या कार्यालयातून पत्रं आली ते इथे लिहीत नाही. लिहून उपयोग नाही, कारण सही कोणाची तेच वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जात एक वाक्य असतं: नकार द्यावयाचा असल्यास कृपया कारण नमूद करावे. सुरुवातीला मी ते विनंतीच्या सुरात लिहायची. नंतर कळलं, ही विनंती नाहीच. माहिती अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ४ मध्येच आहे की निर्णयाचं कारण बाधित माणसाला सांगणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे, त्यानं मागितलं नाही तरीही. २०१२ साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यातही आलं की दावा फेटाळला तर कारणं लेखी कळवा. आता मी 'कृपया' काढून टाकलाय.

माहिती अधिकाराचे अर्ज हे माझं मोठं गिऱ्हाईक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात नियम आहे, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत. लोक ह्याच्यावर चिडतात. मला मात्र गुपचूप आवडतो तो नियम. माणूस समोर बसून पणजोबापासून सांगत असतो. १५० शब्दांत बसवायचं म्हणून मी त्याला विचारते की तुम्हाला नक्की काय पाहिजे, आणि तासाभरानं तो जे सांगतो ते वीस शब्दांचं असतं. दावा कोणत्या तारखेच्या बैठकीत नाकारला, बैठकीला कोण होतं, काय कारण लिहिलं, त्याची प्रत द्यावी. चाळीसपैकी अकरा जणांना उत्तर आलं. इतिवृत्तात कारणाचा रकाना होता. रकाना कोरा होता.

ह्याच दिवसांत खर्डीचा एक मुलगा कायद्याच्या परीक्षेच्या नोट्स टाइप करून घ्यायला यायचा. संध्याकाळच्या कसारा लोकलनं उतरायचा आणि दिवे लागल्यावर बसायचा. त्याच्यामुळे मला केशवानंद भारती भेटले. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एवढं बी. ए.ला पाठ केलं होतं. पण केशवानंद हे केरळातल्या एका मठाचे स्वामी आणि त्यांचं भांडण मठाच्या जमिनीचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याआधीचा गोलकनाथ, १९६७ चा, पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन. त्याआधीचा शंकरीप्रसाद, १९५१ चा, जमीनदारी रद्द होण्यावरून. घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीचं मूळही तिथेच. मी त्या मुलाला म्हटलं, अरे, तुझं सगळं घटनाशास्त्र म्हणजे सातबाराच आहे की. तो हसला. पण ते माझ्या डोक्यात बसलं. ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांच्या भांडणातून 'मूलभूत चौकट' निघाली. आमच्या पावतीवाल्यांची भांडणं कुठल्याच चौकटीत नव्हती. ती रिट याचिकेच्या परिशिष्टात होती, यादी करून.

गोदरेजचाही एक खटला त्याच्या नोट्समध्ये आला, २०१४ चा. हात की-बोर्डवरच थांबला, कारण मशीन माझ्या पायाशीच प्लास्टिकखाली होतं. कंपनीची मुंबईतली जमीन. १९५७ च्या सुमाराची एक नोटीस निघालेली, तिच्या जोरावर १९७५ च्या कायद्यानं ती जमीन खाजगी वन म्हणून सरकारजमा झाली, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं की नोटीस नुसती काढली की बजावली? बजावली नसेल आणि पुढे काही कार्यवाहीच केली नसेल, तर इतक्या वर्षांनी तिचा आधार घेता येणार नाही. निकाल वाचून मला बरं वाटलं, मग जरा वेळानं चीड आली. शहापूर-मुरबाडमध्ये सातबाऱ्याच्या इतर हक्कात अचानक 'खाजगी वने' असं उमटलेले कितीतरी कुणबी शेतकरी माझ्याकडे आलेत. नोटीस पोचली नाही म्हणायला त्यांचीही हरकत नव्हती. ते दिल्लीपर्यंत जाणार कसे एवढाच प्रश्न होता.

माहेरच्या बाजूला, माळशेजच्या पायथ्याशी, काळू नदीवरच्या धरणाचं प्रकरण चाललं होतं. मुंबई महानगराच्या पाण्यासाठीचं धरण. शहापूरकरांना नवल नाही, तानसा, वैतरणा, भातसा सगळं इथूनच जातं, आणि एप्रिलमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतो. काळूचं काम सुरू झालं, आणि वनजमीन वळवायची परवानगी अजून यायची होती. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली, २०१२ साली न्यायालयानं काम थांबवलं. माझ्या मामांच्या बाजूच्या दोन ग्रामसभांचे ठराव मी टाइप केलेले. त्याच वर्षी सिंचनाच्या खर्चावरून विधानसभेत रण पेटलं, उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, वर्षअखेरीला श्वेतपत्रिका आली. मामा म्हणाले, श्वेत म्हणजे पांढरी ना, मग कोरीच असंल. मामांचं सोडा. पण मला त्या वर्षी पहिल्यांदा तिन्ही खांब एका नदीच्या काठी दिसले. सरकारनं परवानगीआधी जेसीबी आणला, न्यायालयानं परवानगीचा कागद मागितला, सभागृहानं पैशाचा हिशेब मागितला. कागद मागणारं कोणीतरी होतं म्हणून नदी अजून वाहतेय. धरणाची बोलणी अधूनमधून पुन्हा उठतातच.

मार्च २०१८. नाशिकहून निघालेला किसान मोर्चा कसारा घाट उतरून आग्रा रोडनं आला. मी शेड बंद करून हायवेला गेले. लाल टोप्यांची ओळ संपेचना. बायकांच्या पायांना फोड, कोणाच्या पायात चप्पल, कोणाच्या पायाला नुसत्या चिंध्या. मागण्यांत पहिल्या फळीत वनहक्काचे दावे. मुंबईत गेल्यावर त्यांनी आश्वासन लेखी घेतलं. पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, पुन्हा मोर्चा निघाला, तो ह्या वेळी वासिंदला थांबला. सरकारशी बोलणी झाली, मागण्या मान्य झाल्याची बातमी आली, तरी लोक उठेनात. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत बसून राहिले. अंमलबजावणीचे आदेश खाली पोचू द्या, मग जातो. मी वासिंदच्या मैदानात भाकरी वाटणाऱ्या बायकांत दुपारभर होते. एका सुरगाण्याच्या बाईंना विचारलं, सभागृहात बोलले की मुख्यमंत्री, आता कशाला थांबलात? त्या म्हणाल्या, "बोलले ते ऐकलं. लिवलेलं बघायचंय." मला वाटलं, ही माझ्याच धंद्यातली बाई.

मधलं एक वर्ष मात्र वाईट गेलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला. ज्यांचे दावे नाकारले गेलेत त्यांना अजून जमिनीवरून का काढलं नाही ते राज्यांनी सांगावं, आणि पुढच्या तारखेच्या आत काढावं. पुढची तारीख २४ जुलै. देशभरातली दहा लाखांवर कुटुंबं त्या यादीत येत होती. वनहक्क कायद्याच्या विरोधात २००८ सालीच गेलेल्या याचिकेतून हे निघालं होतं. केंद्र सरकारनं त्या सुनावणीत आपल्याच कायद्याची बाजू धड मांडली नाही, असं सगळीकडे छापून आलं.

आठवड्याभरानं व्हॉट्सॲपवर ते पाड्यांपर्यंत आलं, 'जमिनी सोडा' एवढंच उरून. राबाचे दिवस होते. भाताच्या रोपासाठी पाला-पातेरा, शेण, फांद्या गोळा करून ठेवलेल्या. माणसं माझ्याकडे आली ती अर्ज लिहायला नाही. राब भाजायचा का नाही, हे विचारायला. जुलैच्या चोवीसला म्हणजे ऐन आवणीत काढणार असतील, तर रोप तरी कशाला टाकायचं? मी आदेश फोनवर उघडून वाचला. मला जे कळलं ते सांगितलं. जे कळलं नाही ते खर्डीच्या त्या मुलाला विचारलं, तो आता वकील झाला होता. त्यालाही सगळं सांगता आलं नाही. भाजा, एवढं मी म्हणाले. कोणत्या अधिकारानं म्हणाले, माहीत नाही.

२८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं आदेश तहकूब केला. आता केंद्रच पुढे होऊन सांगत होतं की नकार नीट प्रक्रियेनं झालेत की नाही ते आधी बघा. मग न्यायालयानं राज्यांना विचारलं, दावे नाकारताना काय पद्धत वापरली, कारणं दिली का, पुरावा मांडायची संधी दिली का. म्हणजे दिल्लीतल्या सर्वांत वरच्या कोर्टानं शेवटी तोच प्रश्न विचारला जो मी शेडखाली बसून विचारते. का नाही म्हणालात? फक्त तो पंधरा दिवस आधी विचारता आला असता.

हे 'का' विचारण्याचं वेड लागलं की माणूस सगळ्यांनाच विचारायला लागतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश नेमणुकीचा आयोग सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, चार विरुद्ध एक. संसदेनं घटनादुरुस्ती करून आणलेला होता तो. शेजारच्या टपरीवर वकीलमंडळी दोन दिवस त्याच्यावर भांडली. न्यायालयाचं स्वातंत्र्य वाचलं हे मला पटतं. आमच्यासारख्यांना सरकारविरुद्ध जायला ती एकच जागा आहे, तिच्या खुर्च्या सरकारनं भरू नयेत. पण मग न्यायाधीश नेमणाऱ्या न्यायाधीशांच्याच न्यायवृंदानं कोणाला का निवडलं, कोणाची बदली का केली, हे तरी कुठे लिहिलेलं असायचं? त्यांचे ठराव वेबसाइटवर यायला २०१७ उजाडलं. आमच्या तलाठ्यानं कारण लिहिलं नाही तर त्याचा आदेश टिकत नाही, असं जे न्यायालय म्हणतं, त्यानं स्वतःचा रकाना कोरा ठेवणं मला खटकायचं. आणि संसदेचं तर काय सांगावं. तीन शेती कायदे २०२० मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानानं झाले, त्यांतले दोन तर विरोधक मतविभागणी मागत असताना. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेतले, दोन्ही सभागृहांत, चर्चेविना. करतानाही कारण धड ऐकू आलं नाही, मागे घेतानाही नाही. मी कायदे मागे घेण्याच्या बाजूची होते. तरी चर्चा व्हायला हवी होती असं मला वाटतं.

आता माझं सांगते, नाहीतर वरचं सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

मे २०२० मध्ये राज्यपालांनी एक अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रांसाठी संसदेच्या कायद्यातही फेरबदल करण्याचा अधिकार घटनेच्या पाचव्या अनुसूचीनं त्यांना दिलाय. आमचा शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधली काही गावं. पूर्वी जिल्हास्तरीय समितीनं नाही म्हटलं की दार बंद. ह्या अधिसूचनेनं विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वरची समिती आली, तिच्याकडे अपील. ह्याच राज्यपालांनी जून २०२२ मध्ये बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते कायद्याला धरून नव्हतं, असं सर्वोच्च न्यायालय मे २०२३ मध्ये म्हणालं. टपरीवर त्यांना शिव्या बसायच्या तेव्हा मला गंमत वाटायची. आमच्या पाड्यांना नवं दार उघडून देणारी सहीही त्यांचीच होती. एकाच माणसाच्या दोन सह्या, एक टिकली, एक टिकली नाही.

तर अपिलांची गर्दी झाली. करोनाचे दिवस, मुदत अंगावर आलेली, मी एका दिवसात सतरा अपिलं काढली. पहिलं मनापासून लिहिलं. बाकीची कॉपी-पेस्ट. नाव बदलायचं, वय बदलायचं, कक्ष क्रमांक बदलायचा. अघईकडच्या एका विधवा कातकरी बाईचं अपील त्यात होतं. सुनावणीला अधिकाऱ्यांनी ते वाचायला घेतलं: मी व माझी पत्नी सदर जमीन कसत असून. पुढे कक्ष क्रमांकही शेजाऱ्याचा. अधिकारी रागावले नाहीत, हसले. दुरुस्ती करून आणा म्हणाले, आणि तारीख चार महिने पुढे गेली. चाळीस पत्रांतला उचललेला 'न्य' बघून मी किती बोलले होते. माझ्या सतरा अपिलांत तर 'पत्नी' तशीच्या तशी होती.

त्या बाईला मी पैसे परत द्यायला लागले, तिनं घेतले नाहीत. काही बोललीही नाही. आठ दिवसांनी आली, स्टूल ओढून माझ्या अगदी शेजारी बसली, स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "आता माझाच लिव." अक्षर वाचता येत नव्हतं तिला. पण मी दोन तास टाइप करीत होते तेवढा वेळ ती स्क्रीनवरून नजर हलवत नव्हती.

आजोबांच्या अपिलाची सुनावणी त्यानंतरची. आजोबा थकलेले, म्हणून आजी आल्या, नातू आला, मीही गेले. आसनगावहून पहाटेची लोकल, ठाण्याला बदलून बेलापूर. आजींनी पहिल्यांदाच एवढ्या उंच इमारती बघितल्या, आणि त्यांना त्या आवडल्या नाहीत. आत दहा मिनिटं लागली. पावती दाखवली. मूळ, झेरॉक्स नाही. अधिकाऱ्यांनी ती हातात न घेता टेबलावर ठेवूनच वाचली, फाटेल म्हणून. मग मागची फाईल उघडली, कारणाचा रकाना बघितला आणि लिहायला लागले. आदेश दीड महिन्यानं आला. दावा अमान्य करताना कारणे नोंदविलेली नाहीत, सबब प्रकरण फेरचौकशीसाठी परत. आजोबांनी विचारलं, "म्हंजी मिळाली?" नाही, म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. पण ह्या कागदात 'का' लिहिलंय.

फेरचौकशीची स्थळपाहणी २०२३ च्या जानेवारीत झाली. दर जानेवारीच्या दोन तारखेला आमच्या मुरबाडकडे सिद्धगडावर पहाटे माणसं जमतात. स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली तिथे मारले गेले. कोतवाल वकील होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तिथे जायची, आणि वकील माणूस जंगलात कशाला गेला, असं विचारायची. पाहणीच्या सकाळी आजोबांच्या प्लॉटवर उभी असताना ते आठवलं. वनरक्षक, तलाठी, वनहक्क समितीची चार माणसं, जीपीएसचं मशीन. आजोबा काठी टेकत हद्द दाखवत चालले: हा मोह बापानं राखलेला, हा आंबा मी लावलेला, ही पाणी अडवायची दगडी ताल, इथे आमचा वाघोबा. वनरक्षक पोरगा चांगला होता. मोहाचा घेर त्यानं स्वतः टेप लावून मोजला.

पंचनामा तलाठ्यानं मला लिहायला सांगितला, त्याचं पेन चालेना. गुडघ्यावर पॅड ठेवून मी लिहिलं. कायद्यानं हक्क नवराबायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो, म्हणून आजींचं नावही घातलं. सह्या, अंगठे सुरू झाले. आजींची पाळी आली. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवलेला, तसाच त्यांनी वर धरला.

"काय लिवलाय ते वाच आधी."

मी वाचलं. चतुःसीमा, झाडं, ताल, वाघोबा. दोन पानं होती.

आजींनी अंगठा खाली घेतला नाही. "पुन्यांदा वाच," म्हणाल्या. तलाठ्यानं घड्याळ बघितलं. शाई वाळत चालली होती. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.